जोडधंद्याच्या आयकराची मागील बाकी निघाली तर

शेतकरी बंधूंनो, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळेच आयकर खात्याचे पत्र आले की ‘आपला काय संबंध?’ असे म्हणून ते सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिले जाते. पुढे ऐन पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी पैसे काढायला जावे, तर बँकेत खाते गोठविल्याचे कळते. हा प्रसंग टाळता येतो. त्यासाठी प्रथम आपला कोणता पैसा शेतीचा आणि कोणता धंद्याचा, हे समजून घेतले पाहिजे.

पिकाची विक्री हे शेती उत्पन्न होय. दूध, अंडी, मांसल कोंबड्या, दुसऱ्याच्या रानात भाड्याने केलेली नांगरट किंवा मळणी, खत-औषधांचे दुकान या सर्वांचे उत्पन्न मात्र कायद्याने व्यवसायाचे धरले जाते. गोठा आपल्याच शेतात आहे आणि कडबाही घरचाच आहे, म्हणून दूध शेतीमाल ठरत नाही. रोपवाटिकेत स्वतः वाढविलेली रोपे २००८ च्या दुरुस्तीपासून शेती उत्पन्नात येतात. बाहेरून आणून विकलेली रोपे येत नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, २०२१-२२ या वर्षात आपण बचत खात्यात १६ लाख रुपये रोख भरले. त्यांपैकी ६ लाख भाजीपाल्याचे, ५ लाख दुधाच्या रतिबाचे व ५ लाख ट्रॅक्टरच्या भाड्याचे. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा त्याहून अधिक रोख भरणा झाला की बँक ती माहिती आयकर खात्यास कळविते. खाते विचारते, हा पैसा कुठला? लहान व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे. तीनुसार रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के व बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखविता येतो, हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नाही. म्हणजे दूध व ट्रॅक्टरच्या १० लाखांवर नफा ८० हजार. त्या वर्षी करमुक्त मर्यादा अडीच लाखांची होती. दुसरे उत्पन्न नसेल, तर कर शून्य!

परंतु नोटिशीस उत्तर दिलेच नाही, तर अधिकारी एकतर्फी निर्णय करतो आणि सगळे १६ लाख ‘खुलासा नसलेला पैसा’ ठरू शकतात. अशा पैशावर त्या वर्षासाठी ६० टक्के कर, करावर २५ टक्के अधिभार व वर ४ टक्के उपकर आहे. बेरीज होते १२ लाख ४८ हजार. व्याज व दंड वेगळा. एक पैसाही देणे नसलेल्या माणसाच्या डोक्यावर एवढी बाकी केवळ गप्प राहिल्याने चढते.

म्हणून पत्र येताच त्यावरील दस्तऐवज ओळख क्रमांक पाहावा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर हा क्रमांक असतो व तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. खोट्या नोटिशीही फिरत असतात. नंतर त्या वर्षाचे बँकेचे उतारे काढून प्रत्येक मोठ्या भरण्यासमोर तो कशाचा ते पेन्सिलीने लिहावे. अडत्याची पट्टी, उसाचे बिल, दूध संस्थेची दहा दिवसांची बिले, पीकनोंदीसह सातबारा व आठ-अ जोडावा. ट्रॅक्टरची डायरी ठेवली असेल तर उत्तमच. पुष्कळांकडे ती नसते. मग डिझेलच्या पावत्या व गिऱ्हाइकांची लेखी निवेदने द्यावीत. हे काम सी. ए. किंवा कर सल्लागाराकडून करून घ्यावे, पण कागद आपणच लावून न्यावेत. कोणता भरणा कोणत्या पिकाचा, हे त्यांना कसे कळणार?

मुदत टळून निर्णय झालाच असेल, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करावे. अपिलाची फी जास्तीत जास्त १,००० रुपये आहे. उशीर झाला असल्यास आजारपणासारखे सबळ कारण पुराव्यासह देऊन माफी मागता येते. अपील केले म्हणजे वसुली आपोआप थांबत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. वादातील रकमेचा ठरावीक भाग भरल्यावर सर्वसाधारणपणे स्थगिती मिळते.

कर खरोखरच देणे असेल, तर वाद घालण्यात अर्थ नाही. मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम भरावी; त्यानंतर दरमहा १ टक्का व्याज चढते. एकदम भरणे शक्य नसल्यास त्याच मुदतीत हप्त्यांसाठी अर्ज करावा. उसाचे बिल कधी येणार, हे अर्जात लिहून त्याप्रमाणे हप्ते मागावेत. नोटीस येण्याआधीच चूक लक्षात आली, तर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. मात्र कर व व्याजावर पहिल्या वर्षात २५, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० व चौथ्यात ७० टक्के जादा भरावे लागतात. तेव्हा जितके लवकर, तितके स्वस्त. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला, तरी आधीच्या वर्षांची बाकी १९६१ च्या कायद्यानेच पाहिली जाते.

एक गोष्ट आजच तपासावी. पॅन कार्ड काढताना किंवा विवरणपत्र भरताना एजंटाने स्वतःचाच मोबाइल नंबर व ई-मेल नोंदविलेला असतो. सगळ्या नोटिसा मग त्याच्याकडे जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. खात्याच्या संकेतस्थळावर आपला किंवा घरातील शिकलेल्या मुला-मुलीचा नंबर नोंदवून घ्यावा, पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा. ‘नोटीस मिटवून देतो, अमुक टक्के द्या’ असे म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नये. शंका असल्यास जवळच्या आयकर सेवा केंद्रात पॅन कार्ड व नोटिशीची प्रत घेऊन जावे आणि दिलेल्या अर्जाची पोच मागून घ्यावी.