‘एबीएस’ काढावे काय?

तासगावच्या द्राक्षबागांकडे जाणाऱ्या मुरमाड वाटेवर जखडलेले चाक खडीत रुतून कधी लवकर थांबते, म्हणून मोटारसायकलचे ‘एबीएस’ काढावे, हा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही; तथापि ओल्या डांबरावर, किंवा उसाच्या ट्रॉल्यांनी सांडलेल्या चिखलात, ब्रेकचा दाब क्षणोक्षणी कमीअधिक करून चाक जखडू न देणारी आणि स्वाराचा तोल सावरणारी यंत्रणा हीच होय.

सक्ती : १ एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना.

शिक्षा : निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वये मनाई; कलम १८२-अ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

निष्कर्ष : यंत्रणा काढू नये, मुरमावर वेगच आवरावा.