टिपणांचं घर
(लेखमाला : अभ्यासाची अवजारं, भाग सहावा)

२४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एका अभ्यासकेंद्रात कुणीतरी आग लावली. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांचे ते दिवस होते. आगीत जळालेल्या खोल्यांपैकी एक समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची होती. मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेल्या श्रीनिवासांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात मुक्काम ठोकून क्षेत्रकार्य केलं होतं. तिथली टिपणं निवडून, पडताळून, विषयवार लावण्यात पुढची अठरा वर्षं गेली होती. या लावलेल्या टिपणांच्या त्यांनी तीन प्रती केल्या होत्या आणि त्या दिवशी तिन्ही त्याच खोलीत होत्या.

मूळ वह्या दिल्लीत होत्या म्हणून वाचल्या. सोल टॅक्स या सहकाऱ्याने सुचवलं, आता आठवणीतूनच लिहा. त्यातून १९७६ साली ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे पुस्तक झालं. त्याआधी १९७२ साली श्रीनिवास बंगळुरातल्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेत आले आणि १९९९ साली वारले तेही याच शहरात. ही हकिकत बहुधा जिद्दीची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेही. पण अवजारांवर लिहिणाऱ्याने तिच्यातला रुक्ष भाग आधी पाहावा : प्रती तीन, जागा एक.

गेल्या आठवड्यात वाचता वाचता टिपण कसं घ्यायचं ते पाहिलं. ते ठेवायचं कशात, हा आजचा विषय. यूट्यूबवर या प्रश्नाची उत्तरं तासातासाची आहेत आणि बहुतेकांत दिसतात ते रंगीत आलेख, नाहीतर आपोआप सारांश काढणारी बटणं. माझी कसोटी उलट्या बाजूने सुरू होते. हे ॲप उद्या बंद पडलं किंवा त्याचं भाडं परवडेनासं झालं, तर माझ्या हातात काय उरेल?

हा प्रश्न हवेतला नाही. गूगल नोटबुक २०१२ साली बंद झालं, स्प्रिंगपॅड २०१४ साली. एव्हरनोट चालू आहे, पण मालक बदलल्यावर डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्याला पन्नास टिपणं आणि एक वही एवढीच जागा उरली. पीएचडी पाच-सहा वर्षं चालते, एखादा चरित्रग्रंथ पंधरा. एवढ्या काळात कंपनी तीच राहील असं धरून चालणं हा निव्वळ भाबडेपणा. म्हणून टिपणं साध्या मजकुराच्या फाइलीत, आपल्याच संगणकावरच्या फोल्डरमध्ये ठेवणारं सॉफ्टवेअर मी पहिल्या रांगेत बसवतो. ऑब्सिडियन, लॉगसेक ही त्यातली. ही नाहीशी झाली तरी फाइली नोटपॅडमध्येही उघडतात. नोशन, वननोट यांच्या सोयी जास्त, पण मजकूर त्यांच्या घरात त्यांच्या पद्धतीने राहतो. बाहेर काढताना तक्ते आणि दुवे विस्कटतात. चौघांनी मिळून चालवायच्या प्रकल्पाला नोशन उत्तम आहे. एकट्याच्या आयुष्यभराच्या टिपणांसाठी मी ते सुचवणार नाही.

आणि सिंक म्हणजे प्रत नव्हे. फोनवर चुकून पुसलेलं टिपण सिंक तत्परतेने लॅपटॉपवरूनही पुसतं. महिन्यातून एकदा सगळा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवू नका.

आता लावण्याचा प्रश्न. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशासाठी १९४८ पासून जमवलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत. त्या वर्णक्रमाने लावल्या आहेत आणि कोशाला तेवढं पुरतं, कारण तिथला प्रश्न ठरलेला असतो : हा शब्द कुठे, कोणत्या अर्थाने आला? संशोधकाचा प्रश्न मात्र दर सहा महिन्यांनी बदलतो. बंगळुराचंच उदाहरण घेऊ. समजा, शहाजीराजांच्या इथल्या वास्तव्यावर तुम्ही काम करता आहात. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचं ठाणं झालं. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला. तो राजवाड्यांनी संपादून १९२२ साली छापला. चंपूत दरबारातल्या कवींविषयी काही सापडलं, तर ते टिपण कोणत्या फोल्डरमध्ये टाकाल? शहाजी, बंगळूर, जयराम, बहुभाषिकता की राजवाडे? जिथे टाकाल तिथून ते उरलेल्या चार वाटांनी सापडणार नाही.

याचं उत्तर ज्यांनी दिलं ते एस. आर. रंगनाथन उत्तरायुष्यात बंगळूरकरच होते. त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती १९३३ साली मद्रासला प्रसिद्ध झाली. १९६२ साली त्यांनी बंगळुरात भारतीय सांख्यिकी संस्थेचं प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं केलं आणि १९७२ साली, म्हणजे श्रीनिवास इथे आले त्याच वर्षी, ते वारले. पुस्तकाला झाडाच्या एकाच फांदीवर बसवायचं नाही, त्याचे पैलू सुटे करायचे आणि नंतर जोडायचे, हा त्यांचा मूळ विचार. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल हे त्यांचे पाच मूलभूत प्रवर्ग. आज दुकानाच्या संकेतस्थळावर आपण किंमत, रंग, माप अशा चाळण्या लावतो, त्यामागे हाच विचार आहे.

आपल्या टिपणांना पाचही प्रवर्ग शास्त्रोक्त लावायची गरज नाही. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर चार ओळी पुरे : कोण, कुठे, केव्हा, कशावरून. चौथी ओळ कधीही रिकामी ठेवू नका. पृष्ठक्रमांक नसलेलं टिपण दोन वर्षांनी वापरता येत नाही. फोल्डर मोजकेच ठेवा, बाकीचं काम या ओळींवर आणि टॅगांवर सोपवा. सॉफ्टवेअर पाहताना एवढंच तपासा की दोन-तीन टॅग एकत्र लावून त्याला शोधता येतं का. ‘शहाजी’ आणि ‘चंपू’ दोन्ही असलेली, पण ‘बखर’ नसलेली टिपणं दे, असं म्हटल्यावर ते गोंधळलं, तर दिसायला कितीही देखणं असो, पुढच्याकडे वळा.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक चाचणी घ्यावी लागते. इंग्रजी परीक्षणांत तिचा उल्लेखही नसतो. ‘ॲबे कॅरे’ या फ्रेंच प्रवाशाचं नाव टाइप करा. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीपासून लोक अ लिहून त्यावर चंद्र देत आले आहेत, कुणी मध्ये एक न दिसणारं जोडचिन्हही घालतं. पडद्यावर सगळी रूपं सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत, म्हणून एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. ‘कऱ्हाड’मधल्या ऱ्ह चीही हीच गत. एक कीबोर्ड ठरवा आणि फोनवर, लॅपटॉपवर तोच वापरा. ज्यात ‘शोधा आणि बदला’ची सोय सगळ्या फाइलींवर एकदम चालते, ते सॉफ्टवेअर निम्मी लढाई जिंकून देतं, साध्या मजकुराच्या फाइलींचा इथे पुन्हा फायदा होतो. तेच बंगळूर, बेंगळुरू, बंगलोर या रूपांबाबत. अवतरणात मुळातलं रूप जसंच्या तसं ठेवा, टॅगमध्ये एकच.

जुन्या मराठी फाँटांतल्या फाइलींचा ढिगारा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ॲप निवडण्याआधी त्या युनिकोडमध्ये आणाव्यात, नाहीतर शोधताना त्या नसल्यासारख्याच. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, तरी टिपणात बाळबोध लिप्यंतर करा आणि कागदाचं छायाचित्र शेजारी जोडा.

आराखड्याच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. डेव्ह वाइनर यांचं थिंकटँक १९८३ साली आलं, तेव्हापासून कल्पना फारशी बदललेली नाही : मुद्दे एकाखाली एक, हवे तेव्हा मिटवा, उघडा, वरखाली सरकवा. वर्कफ्लोई हे काम छान करतं. ते न घेताही चालेल, कारण वर्डमधला आउटलाइन व्ह्यू बहुतेकांनी कधी उघडूनही पाहिलेला नसतो आणि दोनशे पानांच्या प्रबंधाला तो पुरतो. प्रकरणांची उलथापालथ सतत होणारं मोठं पुस्तक असेल, तर २००७ साली आलेलं स्क्रिव्हनर पैसे टाकून घेण्यासारखं आहे. पण टिपणं आणि आराखडा एकाच झाडात कोंबू नका. जमवताना सामग्री सुटी हवी. क्रम लिहायला बसल्यावर लागतो. पहिल्याच महिन्यात प्रकरणांची नावं ठरवून त्याखाली टिपणं टाकणाऱ्याला पुढे गैरसोयीचा पुरावा ठेवायला जागाच सापडत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरला दोष देणं सोपं असतं.

माझी शिफारस : ग्रंथ आणि लेखांच्या नोंदींना झोटेरो, टिपणांना ऑब्सिडियन, अंतिम लेखनाला तुमचं विद्यापीठ किंवा प्रकाशक मागेल ते वर्ड किंवा लिब्रेऑफिस. पहिल्या दोहोंना खासगी वापरासाठी पैसे पडत नाहीत. झोटेरोवर संदर्भांच्या पीडीएफ फार साठल्या, तरच साठवणीचं भाडं द्यावं लागतं. ज्यांची टिपणं वननोटमध्ये वर्षानुवर्षं सुखात आहेत, त्यांनी हा लेख वाचून घर बदलायची घाई करू नये. नियमित प्रत काढली तरी पुष्कळ.

पुढच्या भागात झोटेरोत मराठी पुस्तकांची नोंद कशी करायची ते पाहू. तोपर्यंत एक काम करा. आज वापरत असलेल्या ॲपमधून दहा टिपणं बाहेर काढा, ती नोटपॅडमध्ये उघडा आणि त्यात ‘कऱ्हाड’ किंवा ‘ॲ’ असलेला एखादा शब्द शोधून पाहा.