उंबरठ्याची रुंदी

जुन्या वाड्याच्या चौकटीला चार लाकडं असत: दोन उभ्या बाजू, वर गणेशपट्टी आणि खाली उंबरठा. खालचं लाकूड दोन्ही बाजूंना बांधून ठेवी, त्यामुळे चौकट तिरकी होत नसे. अंगणातलं पावसाचं पाणी तिथंच अडे, शेणानं सारवलेल्या जमिनीची कड शाबूत राही, विंचू-किड्यांना सरळ वाट मिळत नसे. हळदीकुंकवाची बोटं, रांगोळी, नव्या सुनेनं ओलांडायचं माप हे सगळं याच लाकडापाशी होई. त्याच्याकडून घर इतकी कामं करून घेई, की त्याला मान मिळणं स्वाभाविकच होतं.

पण वाड्यात आत शिरणं एका पावलाचं कधीच नव्हतं. अवाढव्य दरवाजा एरवी बंद. माणसांची ये-जा त्यातल्या छोट्या दिंडीतून, मान लववून. आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग चौक, त्याच्याभोवती ओसरी, पुढे माजघर, देवघर, परस. कोकणातल्या घरात हाच क्रम अंगण, पडवी, ओटी, माजघर असा. कोणी कुठवर यायचं, हे न बोलता ठरलेलं असे. हिशेबाचं माणूस ओसरीवर टेके, सोयरा माजघरात जाई. दुपारच्या उन्हातून आलेल्या वाटसरूला पडवीत घटकाभर पाठ टेकता येई. त्यासाठी घरच्यांना कुणाला उठावं लागत नसे. मला वाटतं, आपल्या घरबांधणीतली सगळ्यात शहाणी जागा हीच: घरातही नाही, रस्त्यावरही नाही.

मात्र याच पायऱ्यांनी माणसं निवडलीही. अस्पृश्य ठरवलेल्यांना अंगणातच थांबवलं, त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. ओटी पुरुषांची आणि माजघर बायकांचं, ही वाटणीही लाकडा-मातीतच पक्की झाली होती. वाड्यांविषयी हळवं होऊन लिहिताना हे गाळलं, तर ते लिहिणं खोटं ठरेल.

मुंबईच्या चाळीत हा सगळा क्रम एका गॅलरीत येऊन मिळाला. 1920 च्या दशकात सरकारी विकास खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बांधलेल्या बीडीडी चाळींत खोली साधारण 160 चौरस फुटांची. एवढ्यात अख्खं कुटुंब मावणं अशक्यच. म्हणून अभ्यास, निवडण-टिपण, भांडणं आणि रात्रीची झोपसुद्धा दाराबाहेर सरकली. वाड्यात ज्या मधल्या जागेनं माणसांना अंतरावर ठेवलं, तिनंच इथं अडचणीपोटी त्यांना एकत्र आणलं.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ही गोष्ट नेमकी हेरली होती. गरम हवेच्या गरीब शहरात घर म्हणजे फक्त खोल्या नव्हेत. दारापुढची पायरी, शेजाऱ्यांचं अंगण, मोठं मैदान हेही घराचेच भाग, अशी त्यांची मांडणी. 1980 च्या दशकात बेलापूरला त्यांनी सात-सात घरांचे पुंजके केले, मध्ये सुमारे आठ मीटर लांब-रुंद अंगण. भिंती सामाईक ठेवल्या नाहीत, म्हणजे ज्याला जमेल तेव्हा त्यानं घर वाढवावं. पुढे तिथली बरीच घरं ओळखू न येण्याइतकी बदलली, आणि ते योग्यच झालं. वाढण्याची मुभा आराखड्यातच होती.

आताच्या फ्लॅटला बहुतेकदा तीनच बाजूंची चौकट असते, खाली फार तर दगडाची पट्टी. चाकाची खुर्ची, वॉकर आणि थकलेले गुडघे यांच्यासाठी ही सपाटी बरीच म्हणायची. चढता उंबरठा मला परत नको आहे. हवी आहे ती दाराबाहेरची रुंदी. बीडीडीच्या रहिवाशांना पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं मिळत आहेत, हा त्यांचा हक्कच. पण उंच इमारतीतला मजल्यावरचा बोळ आग लागल्यास सुटकेची वाट असतो. तिथं खुर्ची टाकणं म्हणजे अडथळा, आणि तेही बरोबरच आहे. मग सुटकेची वाट मोकळी ठेवून प्रत्येक दाराला लागून दोन माणसं बसतील एवढा कोनाडा वेगळा काढला पाहिजे, आणि तो फ्लॅटच्या क्षेत्रफळातून कापता कामा नये. बांधकाम नियमावलीत हे घालता येईल. वास्तुरचनाकारांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी त्याचा आग्रह नकाशा मंजूर होण्याआधीच धरायला हवा.