रॅमवर लिहिलंय ३२००, कॉम्प्युटर दाखवतो २४००

घरीच सुटे भाग आणून कॉम्प्युटर कसा जोडायचा, हे आपण मागच्या वेळी बोललो. त्यानंतर दोघी-तिघींनी जवळपास एकच प्रश्न विचारला: "ताई, पाकिटावर ३२०० लिहिलेली रॅम घेतली, पण कॉम्प्युटर २४०० दाखवतोय. दुकानदारानं फसवलं का हो?"

बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. रॅमच्या पट्टीवर एक बारीकशी चिप असते, तिच्यात वेगाचे दोन-तीन तक्ते लिहिलेले असतात. मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना सगळ्यांत सुरक्षित तक्ता धरतो. डीडीआर ४ रॅमचा तो बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ असतो. पाकिटावरचा मोठा आकडा हा दुसऱ्या तक्त्याचा. त्याला एक्सएमपी म्हणतात, आणि तो आपण स्वतः चालू करायचा असतो. आणखी एक गंमत सांगते. एखादं सॉफ्टवेअर ३२०० च्या जागी १६०० दाखवतं. घाबरू नका. ही रॅम घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती देते, म्हणून दाखवलेल्या आकड्याची दुप्पट करायची.

आधी पट्ट्या नीट बसल्यात का बघा. चार खाचा असतील आणि पट्ट्या दोन, तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. बोर्डच्या पुस्तिकेत चित्र असतं, तेच खरं. शेजारी-शेजारी लावल्या तर वेगाचा आकडा तोच दिसतो, पण दोन रस्त्यांऐवजी एकाच रस्त्यानं वाहतूक होते.

मग कॉम्प्युटर सुरू करताना डिलीट किंवा एफ २ हे बटण दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे एक्सएमपी शोधा. एएमडीच्या काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, डीडीआर ५ असेल तर एक्सपो. पहिलं प्रोफाइल निवडून एफ १० दाबा, बदल जतन होतात. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून मेमरीखाली नवा वेग बघून घ्या.

बदल केल्यावर पडदा काळाच राहिला, तर थोडं थांबा. डीडीआर ५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटंही लागतात. बरेच बोर्ड दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊन जुन्या वेगावर परततात. तसं झालं नाही तर प्लग काढा, चालू करायचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि बोर्डवरचा गोल सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं. फाइलींना काही होत नाही.

खरी काळजी पुढे आहे. कॉम्प्युटर सुरू झाला म्हणजे रॅम ठीक आहे, असं नाही. मी हे अंगावर घेतलंय. माझ्याकडे आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या ३२०० वर छान चालल्या होत्या. मग स्वस्तात मिळाल्या म्हणून दुसऱ्या कंपनीच्या आणखी दोन लावल्या. कॉम्प्युटर चालू झाला, मी खूश! आठवड्यातून एखाद-दोनदा निळा पडदा यायचा, तो मी उन्हाळ्याच्या माथी मारला. मग एक दिवस आमच्या बचत गटाच्या हिशोबाची फाइल उघडेना. अकरा जणींचे सहा महिन्यांचे हप्ते त्यात होते. चूक रॅममध्ये झाली की तीच चूक फाइलीत लिहिली जाते, आणि कॉम्प्युटर अवाक्षर काढत नाही. नशीब, कागदी वही होती. दोन रात्री बसून सगळं पुन्हा भरलं.

तेव्हा वेग वाढवल्यावर मेमटेस्ट ८६ हे मोफत साधन पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्यच हवा. एक चूक आली तरी "चालतंय की" म्हणू नका. एकेक पट्टी वेगळी तपासा. प्रत्येक पट्टी एकटी शुद्ध आणि एकत्र लावल्यावर चूक, असं असेल तर वेग एक पायरी उतरवा. माझ्या चारही पट्ट्या २६६६ वर आल्या, तेव्हा कुठे शून्य दिसला. चार पट्ट्या लावल्यावर प्रोसेसर बनवणारेही कमी वेगाचीच हमी देतात, हे मला उशिरा कळलं.

आणि काही ठिकाणी वेग वाढतच नाही. आय ३-१०१०० प्रोसेसर आणि एच ५१० बोर्ड असेल तर २६६६ हीच हद्द, मग रॅम कितीही महाग आणा. म्हणून खरेदीआधी प्रोसेसर आणि बोर्ड दोन्हींची मर्यादा बघा. रॅम घ्यायचीच असेल तर एकाच पाकिटातली जोडी घ्या.

बायोसमध्ये हात घालण्याआधी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा, आणि हिशोबाच्या फाइलीची प्रत दुसरीकडे. पुढच्या वेळी प्रिंटरबद्दल बोलू.