ओलीचे मूळ जोत्याशी

पावसाळा सरत आला की तळमजल्यावरील घरांच्या भिंतींचे पापुद्रे सुटू लागतात. गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंग फुगतो, त्यावर पांढरी भुकटी जमते, कपाटामागून कुबट वास येऊ लागतो. दिवाळीपूर्वी रंगारी बोलावला जातो आणि महागड्या जलरोधक रंगाचे दोन हात दिले जातात. पुढच्या श्रावणात डाग पुन्हा उमटतो. बऱ्याचदा वीतभर वर सरकलेला असतो.

वीट आणि जांभा दोन्ही सच्छिद्र. समईच्या वातीतून तेल चढावे, तसे जमिनीतील पाणी त्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. पाण्याबरोबर क्षारही येतात. पाणी उडून गेल्यावर ते पृष्ठभागाशी साचतात आणि त्यांच्या स्फटिकांच्या दाबाने गिलावा सुटतो. वरून जलरोधक रंग किंवा सिमेंटचा पक्का गिलावा चढवला की पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. येण्याची मात्र उघडीच राहते. डाग वर सरकतो तो यामुळे.

ही वाट अडवण्यासाठी जोत्याच्या माथ्यावर, भिंत उभी राहण्यापूर्वी, सुमारे ४० मिलिमीटर जाडीचा जलरोधक काँक्रीटचा थर घालतात. गवंडी त्याला 'डीपीसी' म्हणतात. तो बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर उंच असावा लागतो. हा थर शाबूत असूनही अनेक घरांत ओल येते, आणि त्याचे कारण अंगणात सापडते. दर काही वर्षांनी जुन्या फरशीवर नवी फरशी बसते, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. रस्ताही थरावर थर घेत उंचावतो. चार-पाच वेळा असे झाले की जमीन डीपीसीच्या वर जाते आणि पाणी त्या थराला वळसा घालून थेट भिंतीत शिरते. भिंतीला टेकून केलेला फुलझाडांचा वाफाही हेच करतो. घरमालकाच्या दृष्टीने मात्र हे सारे सुशोभीकरण असते!

कोकण व गोव्यात जून ते सप्टेंबरदरम्यान सरासरी सुमारे २,९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील जुनी घरे उंच जोत्यावर उभी असत. वळचण पुढे काढलेली असल्याने पागोळ्या भिंतीपासून दूर पडत आणि पडवीला झावळ्यांचा आडोसा असे. मातीच्या वा चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीला श्वास घेता येई. अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा देण्याची सध्याची हौस महागात पडते.

अर्थात, सगळीच ओल जमिनीतून येत नाही. संशय असल्यास दोन फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. आतून दव जमल्यास पाणी भिंतीतले. बाहेरून जमल्यास हवेतले. दुसऱ्या प्रकारात ऐन पावसाळ्यात 'हवा खेळावी' म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्यास थंड फरशीला उलट अधिकच घाम फुटतो.

ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनविकारांचा धोका अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केले आहे. चौकटी कुजणे आणि वाळवी लागणे हे नुकसान वेगळेच.

उपायाची सुरुवात कुदळीने करावी. भिंतीलगतची जमीन डीपीसीखाली किमान १५० मिलिमीटर उतरवावी, तिला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, पन्हाळीचे पाणी दूर न्यावे. भिंतीत छिद्रे पाडून जलरोधक रसायन भरण्याची पद्धतही आहे. विटांच्या भिंतीत तिचा उपयोग होतो. दगडमातीच्या पोकळ भिंतीत मात्र द्रव भलतीकडेच वाहून जातो. क्षार धरलेला गिलावा डागाच्या वर फूटभर खरवडून काढावा आणि भिंत उघडी ठेवावी. इंचभर जाडी सुकायला साधारण महिना लागतो, असा ढोबळ हिशेब आहे. नऊ इंची भिंतीचा विचार करता, दिवाळीचा रंग त्या वर्षी राहू द्यावा लागेल.