बालमनाचे आरोग्य : वेळीच दक्षता

वारंवार पोट दुखते म्हणून आणलेल्या मुलाच्या तपासण्या निर्दोष आल्या, की 'नाटक करतो' असा शिक्का बसतो. वस्तुतः बालकाची चिंता पुष्कळदा शरीरावाटेच व्यक्त होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांतील सुमारे एक-तृतीयांश मानसिक विकारांचा प्रारंभ १४ व्या वर्षापूर्वीच झालेला असतो. म्हणून झोप, भूक वा वागणुकीतील बदल दोन आठवडे टिकल्यास पालकांनी मुलाचे शांतपणे ऐकावे, शिक्षकांशी बोलावे आणि आमच्या बालरोग विभागात निःसंकोच यावे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' (१४४१६) ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही सुरू आहे. वेळीच समुपदेशन लाभल्यास अनेक मुलांना औषधांची गरज भासत नाही. समुपदेशनास यंत्रांपेक्षा वेळ अधिक लागतो. देणगीदारांच्या औदार्यामुळेच तो आम्ही देऊ शकतो.