धारोष्ण दूध आणि खाटेवरची शाळा

आज पीकपाण्याचा विषय जरा बाजूला ठेवू. आज सांगायचं आहे ते दवाखान्यात, खाटेवर भरणाऱ्या शाळेबद्दल. ही हकीकत इंग्लंड आणि वेल्समधली, तीही सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची. तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, कारण तिचं मूळ गोठ्यात आहे.

सन १९५० च्या आधीची काही दशकं तिकडच्या दवाखान्यांत अशी शेकडो मुलं असत, की जी महिनोन्‌महिने, कित्येकदा दोन-तीन वर्षं, पाठीवर निजून काढायची. कुणाचा कणा प्लॅस्टरमध्ये, कुणाचा खुबा चौकटीला बांधलेला. त्यांना क्षय झालेला असे. पण छातीचा नव्हे, हाडांचा, सांध्यांचा आणि मानेतल्या गाठींचा.

रोग आला दुधातून

क्षय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खोकणारा माणूस येतो. पण गाई-म्हशींनाही क्षय होतो आणि त्याचे जंतू दुधातून माणसाच्या पोटात जातात. लहान मुलं दूध जास्त पितात, म्हणून झळ त्यांनाच जास्त. जंतू घशातून, आतड्यातून रक्तात शिरतात आणि मणक्यात नाहीतर खुब्यात घर करतात. पोर लंगडू लागतं, पाठीला पोक येतं, तेव्हा कुठे आई-बापाच्या ध्यानात येतं.

ब्रिटनमध्ये १९३४ साली एका तज्ज्ञ समितीने अंदाज दिला, की दुभत्या गाईंपैकी सुमारे ४० टक्के गाईंना क्षयाची लागण आहे. गाय वरून धडधाकट दिसायची, दूधही द्यायची. खेड्यात तर धारोष्ण दूध म्हणजे ताकद असा समज. आपल्याकडे तो आजही आहे, हे वेगळं सांगायला नको.

शिक्षिका खाटेपाशी आली

त्या वेळी क्षयावर औषध नव्हतं. दुखरा भाग हलू द्यायचा नाही, ऊन आणि मोकळी हवा द्यायची, चांगलं खाऊ घालायचं आणि वाट बघायची, एवढाच उपाय. स्वित्झर्लंडमधल्या लेझां गावी डॉ. रोलिए यांनी १९०३ पासून मुलांना उन्हात ठेवून उपचार केले. इंग्लंडमध्ये लंडनचे माजी लॉर्ड मेयर सर विल्यम ट्रेलोर यांच्या प्रयत्नांतून १९०८ साली ऑल्टन येथे अशा मुलांसाठी रुग्णालय उभं राहिलं. तिथे उपचाराबरोबर शाळाही होती, आणि मोठ्या मुलांना हातचा धंदा शिकवण्याची सोयही होती. विचार सरळ होता. मूल बरं होऊन घरी जाईल तेव्हा ते अडाणी राहिलं, तर नुसतं हाड जुळून काय उपयोग?

ब्रिटनच्या १९४४ च्या शिक्षण कायद्याने आजारी आणि अपंग मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी स्थानिक शिक्षण खात्यावर टाकली. रुग्णालयातल्या शाळांना विशेष शाळा म्हणून मान्यता मिळू लागली. शाळा म्हणजे वेगळी इमारत नव्हे, वॉर्ड हाच वर्ग. हवा बरी असली की खाटा ढकलत व्हरांड्यात न्यायच्या. एका खाटेवर पाच वर्षांचं पोर मुळाक्षरं गिरवतंय, शेजारी बारा वर्षांची मुलगी गणित सोडवतेय. निजूनच वाचायचं, निजूनच लिहायचं. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेसारखंच, फक्त इथे विद्यार्थी बाकावरून उठूच शकत नाही! मधेच डॉक्टरांची फेरी यायची, ताप बघायची वेळ व्हायची, की धडा तिथेच थांबायचा.

पण या शाळेने मुलांच्या दिवसाला वेळापत्रक दिलं. आज काहीतरी शिकलो, उद्या पुढचं शिकायचं आहे, ही गोष्ट निजून असलेल्या मुलाला फार मोठी.

याची दुसरी बाजूही पाहा

सगळं गोडगोड नव्हतं. वेल्समध्ये क्रेग-य-नॉस नावाचा एक वाडा आहे. प्रसिद्ध गायिका अॅडेलिना पॅटी तिथे राहत असे. तिच्या मृत्यूनंतर, १९२२ साली तिथे क्षयाचं रुग्णालय सुरू झालं आणि ते १९५९ पर्यंत चाललं. मुलं थंडी-वाऱ्यात सज्जात निजायची. पळू नयेत म्हणून काहींना खाटेला बांधून ठेवत. आई-बापांना महिन्यातून एकदाच भेटायची मुभा. लहानपणी गेलेलं पोर घरी परतलं तेव्हा आईला ओळखेना, असंही घडलं. पुढे १९५९ साली प्लॅट समितीने सांगितलं, की रुग्णालयात आई-बापांना मुलाला भेटण्यावर अशी बंधनं नकोत.

खाटा रिकाम्या कशा झाल्या?

दोन गोष्टींनी. एक औषध. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं, आणि ते देणारा जंतू मिळाला भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीत! १९५२ मध्ये आयसोनायझिड आलं. दुसरी गोष्ट गोठ्यातली. दूध तापवून विकायची पद्धत वाढली, आणि जनावरांची तपासणी गावोगाव झाली. १९६० पर्यंत ब्रिटनमधला सगळा कळप तपासणीखाली आला. बाधित जनावरं त्यांनी कळपातून काढून मारली. आपल्याकडे गाईच्या बाबतीत तो मार्ग नाही. म्हणून आपण बाकीच्या गोष्टी जास्त नेमाने केल्या पाहिजेत.

आपण काय करायचं?

एक : दूध उकळूनच प्यायचं. धारोष्ण दूध मुलांना देऊ नका. उकळल्याने ताकद जात नाही, जंतू जातात. क्षयाबरोबर ब्रुसेलोसिसही टळतो.

दोन : खंगत चाललेलं, सारखं खोकणारं जनावर पशुवैद्यकाला दाखवा. कातडीत टोचून करायची ट्युबरक्युलिन चाचणी असते, तिची चौकशी करा. नवीन जनावर विकत घेताना आधी तपासा, मग दावणीला बांधा. संशयित जनावराचा गोठा, पाणी, गव्हाण वेगळी ठेवा.

तीन : घरात कुणाला क्षय असेल तर उपचार मधेच सोडू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपयेही मिळतात. रुग्णाने बरं होईपर्यंत जनावरांचं करू नये. माणसाचा क्षय जनावरालाही लागू शकतो.

चार : हे सरपंच, शाळा समिती आणि गुरुजींसाठी. गावातलं मूल आजाराने लांबलं की हजेरीपटावर त्याची नुसती गैरहजेरी मांडू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचं, हेही त्यात आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकायचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. पण कायदा काही स्वतः चालत घरी येत नाही. आठवड्यातून दोनदा कुणीतरी वही-पुस्तक घेऊन खाटेपाशी जायला हवं. गुरुजींना जमलं नाही तर वर्गातला मित्र जाईल, बारावी झालेली शेजारची ताई जाईल.

ग्रामसभेत रस्ता, गटार, पाणी यावर आपण तासन्‌तास बोलतो. पुढच्या सभेत एवढा एकच प्रश्न विचारा : आपल्या गावात आजारपणामुळे घरी बसलेली मुलं किती, आणि त्यांना शिकवायला कोण जातं? उत्तर नावानिशी लिहून घ्या.